छोरोलचं साल

उन्हाळी गोठ्यांवरून कुठलीच बाई रिकाम्या पाठीने खाली येत नाही. लोण्याचा गोळा असतो, वाळवलेल्या ताकाचे खडे असतात, काहीच नसलं तर शेणी तरी असतात. त्या दिवशी कुंझेस रिकाम्या पाठीने उतरताना दिसली. नोर्फेल शिलमा गावच्या आपल्या वाटाण्याच्या शेतात पाटाचं पाणी वळवत होता. त्याने लांबूनच विचारलं,

"काय आचे, टोपली काय लांडग्याने नेली?"

कुंझेस शेजारच्या घरातली, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. सगळं गाव तिला आचे, म्हणजे थोरली बहीण म्हणे. एरवी तिने तिथूनच दोन शब्द सुनावले असते. आज ती बांधापर्यंत आली आणि खाली बसली.

"नोर्फेल-ले, फावडं खाली ठेवा."

त्याने ठेवलं नाही.

"झोमो गाय ओढ्यापलीकडे गेली होती. तुमची बायको ती वळवायला गेली. सकाळचं पाणी कमी असतं, म्हणून मीही काही बोलले नाही. ओढ्यावरची बर्फाची कड पायाखालून गेली."

"कुठाय ती?"

"वर काढलीय. सपाट दगडावर ठेवलीय. पांघरूण घातलंय, सोनमची सून जवळ बसलीय."

नोर्फेलने फावड्याने आणखी दोनदा माती ओढली. पाट बंद करायचा तो विसरला. ते पाणी संध्याकाळपर्यंत वाहत राहिलं आणि शेजारच्या शेतात शिरलं. 

पुढचं सगळं फास्पुनने हातात घेतलं. एकाच कुळदैवताची पाचसहा घरं म्हणजे एक फास्पुन. घरात मरण आलं की ही माणसं येतात, चूल पेटवतात, प्रेत बांधतात, लाकडं आणतात. घरच्यांनी नुसतं बसायचं. नोर्फेलच्या फास्पुनमध्ये छेतन पुढारी होता. जाडा, मोठ्या आवाजाचा, लग्नातही तोच आणि मरणातही तोच. त्याने गावचा ज्योतिषी, म्हणजे ओनपो, बोलावला. ओनपोने गुडघ्यावर पोथी उघडली आणि विचारलं,

"जन्माचं साल कुठलं?"

"कुत्र्याचं," नोर्फेल म्हणाला.

त्याला विचारही करावा लागला नाही. बारा जनावरांची बारा सालं, आणि बायकोचं साल कुणीही झोपेतून उठून सांगेल. तिचं कुत्र्याचं, त्याचं सशाचं. ससा आणि कुत्रा एकमेकांना चालतात, म्हणून तर लग्न झालं. ओनपोने बोटांवर हिशेब केला. तिसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं. तोंड पूर्वेला. मेंढीच्या सालात जन्मलेल्याने हात लावायचा नाही. तसं सगळं झालं. मग नावाचा कागद तयार झाला. ठशाने छापलेलं बाईचं चित्र, हात जोडलेली, कमळावर बसलेली. खाली गावच्या लामांनी हाताने लिहिलं: छोरोल, कुत्र्याचं साल. कागद देवघरात काडीला लावून उभा केला. रोज लामा येऊन त्यापुढे वाचत. एकोणपन्नासाव्या दिवशी तिला त्या कागदात बोलवायचं, पुढची वाट सांगायची आणि कागद जाळायचा. तोपर्यंत घरच्यांनी नाव घ्यायचं नाही. रडायचंही नाही. नाव ऐकलं की गेलेलं माणूस मान वळवतं आणि वाट चुकतं.

नोर्फेलने नाव घेतलं नाही. घरात दुसरं कुणी नव्हतंच. दोन मुलं झाली होती, दोन्ही लहानपणीच गेली. तेव्हाही ओनपोने पोथी पाहून म्हटलं होतं, आईबापांची सालं तर इतकी चांगली जुळतात, असं का व्हावं कळत नाही.

चव्वेचाळिसाव्या दिवशी तिचा थोरला भाऊ तुंडुप आला. तांगरी गावाहून दिवसभर चालून, दिव्यांसाठी लोण्याची कातडी पिशवी पाठीवर घेऊन. नोर्फेल त्याला आचो म्हणे, थोरला भाऊ. तुंडुप त्याला नोनो म्हणे, धाकटा भाऊ. तुंडुप आधी देवघरात गेला, तीन वेळा जमिनीवर आडवा झाला. मग बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा चुलीपाशी बसला आणि समोरच्या छांगच्या, म्हणजे सातूच्या दारूच्या, वाटीला त्याने हात लावला नाही.

"पी की, आचो."

"तो कागद कुणी लिहिला, नोनो?"

"गावच्या लामांनी. का? अक्षर वाईट आहे?"

"अक्षर चांगलं आहे. साल चुकलंय."

नोर्फेलला हसू आलं. चव्वेचाळीस दिवसांत पहिल्यांदाच. "तीस वर्षं मी तिच्याबरोबर काढली. आता तिचं साल तू मला शिकवणार?"

"ती जन्मली तेव्हा मी घरात होतो. तू नव्हतास."

तुंडुपने वाटी उचलली, एका दमात संपवली आणि खाली बघत बोलत राहिला. ती लोसरच्या आधी पाच दिवस जन्मली. नवं वर्ष लागायला फक्त पाच दिवस होते. म्हणजे कुत्र्याच्या आधीचं, पक्ष्याचं साल. ससा आणि पक्षी समोरासमोर उभे राहतात, त्यांचं लग्न कुठलाच ओनपो मान्य करत नाही. नोर्फेलच्या घरून मागणी आली, तेव्हा आई म्हणाली, पाच दिवसांसाठी कुणी असं स्थळ सोडतं का?

"आईला तू आवडला होतास. तेव्हा तू नाचायचास बरा."

"आणि ती?"

"काय ती?"

"तिला ठाऊक होतं?"

"आईने तिला घरच्या देवापुढे उभं करून शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगितलंस तर लग्न मोडलं म्हणून समज."

नोर्फेल उठला. चूल विझली नव्हती, तरी त्याने तीत दोन शेणी टाकल्या. मग पुन्हा बसला.

"मग आत्ता कशाला सांगितलंस?"

"झोप येत नव्हती."

"आता मला येणार नाही."

"हो. ते आहेच." तुंडुपने मान हलवली. "पण नोनो, बाहेर बोलू नकोस. आई नव्वदीला आलीय. माझ्या धाकटीची बोलणी चाललीत. आमच्या घरच्या सालांवर मग कोण विश्वास ठेवणार? आणि तुझंही बघ. लोक म्हणतील, तीस वर्षं उलट्या सालाची बायको घरात होती, म्हणून पोरं गेली. तिलाच बोल लावतील."

 नोर्फेल दुसराच हिशेब करत होता. यंदा पक्ष्याचं साल चालू होतं.

दर बारा वर्षांनी आपलं साल फिरून येतं, आणि ते वर्ष जड असतं. त्या वर्षी माणूस लांब जात नाही, नदी ओलांडत नाही, पताका बांधतो, एखादी मेंढी सोडून देतो. छोरोलचं जड वर्ष पुढचं, असं घरात सगळे धरून चालले होते. पताकांचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. आणि वसंतात, गोठ्यांवर जायच्या आधी, ती दूध घुसळता घुसळता म्हणाली होती,

"यंदा कुंझेसबरोबर दुसऱ्या कुणाला पाठवू या का? मी घरी बसते."

"पुढच्या वर्षी तुझं साल आहे. तेव्हा बस की वर्षभर खुशाल. मी चहा करून देईन."

"तुम्ही चहा करणार? मग सालाची गरजच नाही, मला तो चहाच मारेल."

दोघं हसली होती. नंतर तिने विषय काढला नाही. आठ दिवसांनी टोपली बांधून ती वर गेली.

त्याला आता मागची सालंही आठवली. बारा वर्षांपूर्वीच्या पक्ष्याच्या सालात ती आई आजारी आहे म्हणून पाच महिने तांगरीला राहिली होती. परत आली तेव्हा तो तिच्यावर रागावला होता, कापणीला घरात बाई नाही म्हणून. त्याच्या आधीच्या पक्ष्याच्या सालात धाकटं मूल गेलं होतं. आणि दर कुत्र्याच्या सालात ती मुकाट्याने पताका बांधायची, मेंढी सोडायची, पुढे बसून सगळं वाचन ऐकून घ्यायची. दुसऱ्याच कुणा बाईसाठी चाललेलं.

दुसऱ्या दिवशी तो ओनपोकडे गेला. ओनपो अंगणात उन्हात बसून डोक्याला तेल लावून घेत होता.

"ओनपो-ले, पलीकडच्या खोऱ्यात एक माणूस आहे. त्याची बहीण गेली. कागदावर साल चुकीचं लिहिलं गेलं म्हणतो. मग काय होतं?"

"बहीण?"

"हो, बहीण."

ओनपोने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग मिटला. "काय होणार? हाक लागत नाही. तू गर्दीत उभा आहेस आणि कुणी शेजारच्या माणसाला हाक मारतंय, तर तू वळशील का? नाव एक असलं म्हणून काय झालं. या खोऱ्यात छोरोल नावाच्या अकरा बाया आहेत."

नोर्फेलने छोरोल म्हटलं नव्हतं. 

"अकरा होत्या," ओनपो म्हणाला. "त्या माणसाला म्हणावं, गावच्या लामांना ते दुरुस्त करता येणार नाही. आधीची हाक पुसून नवी घालायची, हे एकाच माणसाला येतं. वर स्कारलुंगच्या मठात, गोम्प्यात, थोरले लामा आहेत ना, त्यांना. ते खाली उतरत नाहीत. त्याने वर जावं. तिचं अंगावरचं काहीतरी न्यावं. आणि एकोणपन्नासच्या आत. त्या दिवशी सूर्य गावावरून गेला की संपलं."

"सांगतो त्याला."

"आणि म्हणावं, ज्याने हिशेब केला त्या ओनपोचा दोष नव्हता. जे सांगितलं त्यावर त्याने केला."

"तेही सांगतो."

शेहेचाळिसाव्या दिवशी नोर्फेल निघाला. स्कारलुंगला दोन वाटा. नदीची वाट तीन दिवसांची, घोडं जातं. खिंडीची वाट अडीच दिवसांची, पायी. त्याने खिंड धरली. पाठीवर सातूचं पीठ, लोणी, आणि तिची बोकडाच्या कातड्याची पाठझूल. ती त्या दिवशी तिने गोठ्यावर काढून ठेवली होती, म्हणून कोरडी राहिली.

छेतनला भेटायचं त्याने टाळलं. छेतनच्या तोंडावर खोटं बोलणं त्याला जमलं नसतं. छेतन ओरडून सतरा प्रश्न विचारतो आणि सोळाव्याला माणूस खरं बोलून जातो. त्याने कुंझेसला सांगितलं,

"आचे, मी वर दिवे लावायला चाललोय. एकोणपन्नासाव्यापर्यंत येतो. छेतनला सांग."

"आत्ता? तीन दिवसांवर दिवस आला आणि हे निघाले. यायला जमेल का तुम्हाला?"

"नाही जमलं तर तुम्ही जेवणं घाला."

"तुमच्याच घरी, तुमच्याशिवाय?"

"आचे, तुझी जीभ कधी थकत नाही का?"

"थकली होती. एकदा. त्या दिवशी," ती म्हणाली, आणि तो निघाला.

खिंडीत नवं बर्फ पडलं होतं, घोट्यापर्यंत. पंचावन्न वर्षांच्या माणसाला ते फार नव्हतं, पण दम लागत होता. चालताना तो मनात काय सांगायचं ते जुळवत होता. लामाजी, माझी बायको पक्ष्याच्या सालातली आहे. बस, इतकंच. शपथ तिला होती, त्याला नव्हती. गोम्प्याच्या आत बोललेलं बाहेर जात नाही. लामा नवा कागद लिहितील, झूल पुढे ठेवतील, तिला तिच्या सालाने हाक मारतील आणि ती वळेल. मग तो तिला जाऊ देईल. त्याहून जास्त काही त्याला नको होतं.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी दुपारी तो स्कारलुंगच्या खाली पोचला. कड्याला चिकटलेल्या त्या पांढऱ्या भिंती त्याने लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिल्या होत्या. आता त्यातल्या निम्म्या पडलेल्या. पायऱ्या मोजायचं त्याने मधेच सोडून दिलं. वरच्या दारात एक म्हातारा लामा उन्हात दिव्याच्या पितळी वाट्या राखेने घासत होता.

"जुले, मेमे."

"जुले, जुले. खिंडीने आलास? वेडा की काय? बस. चहा गार झालाय, पण आहे."

या मेमेचं, म्हणजे आजोबाचं, नाव येशे. तीस वर्षं तो इथे दिवे आणि किल्ल्या सांभाळत होता. नोर्फेलने वाटी हातात घेतली, प्यायला नाही.

"मेमे, थोरल्या लामांना भेटायचंय. आत्ताच."

"मग तू चुकीच्या वाटेने आलास. नदीने आला असतास तर भेटले असते. परवा सकाळी खाली गेले."

"खाली? ते तर उतरत नाहीत."

"दहा वर्षांत नाही उतरले. मीही हेच म्हटलं. गुडघे चालत नाहीत, घोड्यावर दोघांनी बसवलं. पण शिलमा गावची माणसं येऊन इतकी पाया पडली की लामा म्हणाले, जातो. कुणा बाईचा एकोणपन्नासावा आहे. तिच्या फास्पुनने ठरवलं म्हणे, नवऱ्याला न सांगता. भला माणूस आहे, पोरं राहिली नाहीत, आता बायको गेली, त्याच्यासाठी एवढं तरी करू. तो आधी कळलं तर नको म्हणेल, म्हणून गुपचूप." येशेने घासलेली वाटी उन्हाकडे धरून पाहिली. "मोठं घर असेल, नाही? नोर्फेल का काय नाव त्याचं. ओळखतोस?"

"मीच तो."

म्हातारा हसायला लागला. त्याला खरंच मजा वाटली. लामा त्याच्या घरी आणि तो लामांच्या दारात. मग त्याने नोर्फेलच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"काय झालं, बाबा?"

तेव्हा नोर्फेलने सांगितलं. जुळवलेलं वाक्य एकच होतं, पण बाकी सगळंही त्याच्यामागून बाहेर आलं. पाच दिवस, शपथ, ओढा, चहाचा विनोद. 

"हे तू तुझ्या लोकांना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"एकालाही?"

"एकालाही नाही."

"सांगितलं असतंस, तर त्यांनी तिथेच सांगितलं असतं, अरे बस घरात, लामाच येताहेत."

"हो."

येशे बराच वेळ डोकं खाजवत बसला. आज संध्याकाळपर्यंत लामा शिलमाला पोचतील. उद्या सकाळी बसतील. त्यांच्यापुढे जो कागद ठेवतील त्यावर ते हाक मारतील. त्यांना कोण सांगणार?

"मेमे, तुम्ही करा."

"मी दिवे लावतो. मला हाक मारता येत नाही."

"शब्द तर ठाऊक असतील. तीस वर्षं ऐकताय."

"शब्द काय, बाहेरच्या कावळ्यालाही पाठ झाले असतील. तसं होत नाही ते." त्याने नोर्फेलच्या हातातली झूल घेतली, उलगडली, पुन्हा नीट घडी घातली आणि परत दिली. "इथे ठेवू नकोस. काही उपयोग नाही. ऊठ. परतीला उतार जास्त आहे, पाय उचल. खिंड मोकळी असेल तर कदाचित."

कदाचित नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. अडीच दिवसांची वाट एका दिवसात कुणी केलेली नाही. तरी येशेने त्याच्या पिशवीत सुक्या जर्दाळूंची मूठ कोंबली आणि पायऱ्यांच्या तोंडापर्यंत सोडायला आला.

नोर्फेल अंधार पडेपर्यंत चालला, एका मेंढवाड्यात अंग टेकलं आणि उजाडायच्या आत पुन्हा निघाला. एकोणपन्नासाव्या दिवशी दुपार कलली तेव्हा तो खिंडीत होता. ढग उतरले होते, खालचं काही दिसत नव्हतं. निरभ्र असतं तरी शिलमा तिथून दिसत नाही, मधे एक सोंड येते. त्याने सूर्याचा अंदाज घेतला. या वेळेला सावली त्याच्या घराच्या छपरावर येते. मग कुंझेसच्या, मग छेतनच्या. आता लामांनी घंटा खाली ठेवली असेल. आता कागद ज्योतीला लावला असेल.

त्याच्या तोंडात नाव आलं होतं. इथून ओरडलं असतं तर ऐकायला कुणी नव्हतं. पण घरच्याने नाव घ्यायचं नाही, आजच्या दिवशी तर नाहीच. आणि ती कुठे असेल, गर्दीत कुणाच्या तरी शेजारी उभी, दुसरीला मारलेली हाक ऐकत, तर त्याच्या ओरडण्याने ती मागे वळेल, आणि मागे तर काहीच नाही. त्याने दात आवळून धरले. खिंडीतल्या दगडांच्या राशीवर सगळे ठेवतात तसा एक दगड ठेवला आणि उतरायला लागला.

रात्रभर उतरून पन्नासाव्या दिवशी सकाळी तो गावात शिरला. छेतनने त्याला छपरावरून पाहिलं आणि तिथूनच आरडाओरडा सुरू केला.

"आला रे आला! अरे गाढवा, कुठे होतास? आम्हाला वाटलं नदीच्या वाटेने गेलास. म्हटलं लामा वाटेत भेटतील, मग येईल त्यांच्या घोड्यामागून. लामा आले आणि घोड्यामागे नुसतं शेपूट!"

लोक हसले. सगळे अजून त्याच्या घरात होते. भांडी घासली जात होती. छेतन खाली आला, त्याचे दोन्ही खांदे धरले. त्याचे डोळे भरले होते.

"तुला सांगितलं नाही, रागावू नकोस. पण असं काम झालंय, नोर्फेल, या गावात झालं नसेल. छोरोल चांगली गेली बघ. कागद एका ज्योतीत जळला, सरळ, धूर नाही. सगळ्यांनी पाहिलं."

पन्नास दिवसांनी कुणीतरी त्याच्यापुढे तिचं नाव उघड घेतलं होतं. आता चालत होतं.

"चांगलं केलंत," नोर्फेल म्हणाला. "फार केलंत."

थोरले लामा खिडकीपाशी गादीवर बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. जायची तयारी झाली होती. नोर्फेल तीन वेळा आडवा झाला. लामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता. खोलीत पंधरा माणसं होती. दाराशी तुंडुप चहाची किटली घेऊन उभा होता आणि नोर्फेलकडेच पाहत होता. त्याच्यामागे ओनपो होता. तो कुणाकडेच पाहत नव्हता.

"लामाजी, एकोणपन्नास झाल्यावर पुन्हा बोलावता येतं का?"

"कुणाला?"

"कुणालाही. समजा, काही राहिलं असेल."

लामा थोडे पुढे झुकले. "काही राहिलेलं नाही. ती आता कुणाची तरी लेक झाली असेल किंवा होईल. आता हाक मारली तर उगाच रडेल पाळण्यात. तुझं मन राहिलंय, ते हळूहळू बसेल."

"लामाजी."

"हं?"

छेतन बाजूलाच उभा होता. कालच्या जेवणाच्या धुराने त्याचा चेहरा काळा झाला होता आणि तो लहान मुलासारखा खूश दिसत होता. या माणसाने महिनाभर पाया पडायला माणसं पाठवली होती, घोडं मागून आणलं होतं, गुडघे मोडलेल्या लामांना तीन दिवस नदीकाठाने आणलं होतं. त्याला काय सांगायचं?

"चहा आणखी घ्या," नोर्फेल म्हणाला.

लामांना दोघांनी घोड्यावर बसवलं. अर्धा गाव पाण्याच्या पाटापर्यंत सोडायला गेला. तुंडुपही त्याच वाटेने तांगरीला निघाला होता. तो मागे थांबला.

"सांगितलंस?"

"नाही."

"वरही नाही?"

"वर एका म्हाताऱ्याला सांगितलं. दिवे लावतो तो."

"बरं झालं, नोनो." मग तुंडुपलाच ते कसंतरी वाटलं असावं. त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर इकडून तिकडे केला. "म्हणजे, बरं नाही झालं."

"जा तू, आचो. ऊन वाढेल."

दुपारी लोक आपापल्या घरी गेले. जळलेल्या कागदाची राख छेतनने मातीत मळून त्या मातीची बोटभर मूर्ती केली होती आणि देवघराच्या खिडकीत वाळत ठेवली होती. वाळली की ती गावाबाहेरच्या स्तुपात जाईल. पाठझूल नोर्फेलने खुंटीला लावली. सातूचं पीठ उरलं होतं ते डब्यात परत ओतलं. गोठ्यांवरून जनावरं दोन दिवसांत खाली येणार होती, त्यांच्यासाठी गवत छपरावर चढवायचं होतं, ते त्याने कुंझेसच्या मुलीबरोबर संध्याकाळपर्यंत चढवलं.

पक्ष्याच्या सालात, लोसरच्या आधी पाच दिवस जन्मलेल्या छोरोलला कुणीच बोलावलेलं नाही. तिला वाट सांगायची राहिली आहे.